एका नुक्त्याचा तपास

बीड, १९६२

तुमचं वय अकरा वर्षं. मे महिन्याची दुपार. बिंदुसरेच्या पात्रात पाण्यापेक्षा वाळू जास्त दिसतेय आणि घरातली मोठी माणसं जेवून आडवी झालीत. माळवदाच्या घरातला त्यातल्या त्यात गार कोपरा धरून तुम्ही पालथे पडलात. पुढ्यात बाबूराव अर्नाळकरांची रहस्यकथा आहे, भाड्यानं आणलेली, शंभर हातांतून फिरून मऊ पडलेली. आणल्या आणल्या तुम्ही आधी शेवटचं पान जागेवर आहे का ते बघितलं. असल्या पुस्तकांचा शेवट कुणीतरी आधीच फाडून नेलेला असतो. पान आहे. आता झुंजार वाट्टेल त्या संकटात सापडू दे.

भिंतीवरून उडी मारून शेजारचा दोस्त येतो. तो उर्दू शाळेत जातो. त्याच्या सदऱ्याच्या आत, पोटाशी, एक उर्दू जासूसी कादंबरी लपवलेली असते. तुमच्यात करार ठरलेला आहे. तुम्ही त्याला झुंजार, काळापहाड, धनंजय आणि छोटू सांगायचे. त्यानं तुम्हाला कर्नल फरीदी, कॅप्टन हमीद आणि येडपटाचं सोंग घेऊन भल्याभल्यांना गुंडाळणारा अली इमरान सांगायचा. दोघांच्याही घरी ही पुस्तकं वाचली की पाठीत धपाटा बसतो, त्यामुळं करार पक्का आहे.

पण आज त्याचं तोंड उतरलंय. "मजा नै आया यार," तो म्हणतो. "इमरान ऐसा बात नै करता."

आवाजानं तुमचे अण्णा उठतात. तांब्याभर पाणी घशात ओतून म्हणतात, "काय वाचायलास रे? दाव इकडं." पुस्तक लांब धरून डोळे बारीक करतात. त्यांची शाळा निजामाच्या राजवटीत झाली. हैदराबाद संस्थानात वरचं शिक्षण उर्दूतून, कोर्टकचेरी उर्दूतून. त्यामुळं बीडच्या या पिढीला घरात पोथी मराठी आणि बाहेर कागद उर्दू, यात काहीच वेगळं वाटत नाही. अण्णा मुखपृष्ठावर नख टेकवतात.

"हे इब्ने सफीचं न्हाई."

तुम्ही दोघं वाकून बघता. उर्दूत 'इब्न' लिहिताना मधल्या अक्षराखाली एक नुक्ता लागतो. इथं दोन आहेत. तेवढ्या एका जादा ठिपक्यानं 'इब्न'चं 'एन' झालंय. लेखकाचं नाव एन सफी. भिंतीवरून उडी मारायच्या घाईत असलेल्या पोराला हा फरक कुठून दिसणार?

खरा इब्ने सफी म्हणजे असरार अहमद. अलाहाबाद जिल्ह्यातल्या नारा गावचा, जन्म १९२८ चा. 'जासूसी दुनिया' १९५२ च्या मार्चमध्ये अलाहाबादेतून सुरू झाली. त्याच वर्षी तो कराचीला गेला, पण पुस्तकं दोन्ही देशांत निघत राहिली. नंतर त्याला गंभीर मानसिक आजार झाला आणि १९६० पासून तीनेक वर्षं त्याची लेखणी थांबली. वाचक मात्र थांबायला तयार नव्हते. मग बाजारात एन सफी आले, नजमा सफी आल्या, आणखीही सफी आले. पात्रं त्याचीच, नाव जवळजवळ त्याचंच, लिहिणारा मात्र भलताच. १९६३ च्या नोव्हेंबरात त्याची नवी इमरान कादंबरी 'डेढ मतवाले' आली तेव्हा कुठं वाचकांचा जीव भांड्यात पडला.

ते सगळं व्हायला अजून दीड वर्ष आहे. आत्ता दोस्त हिरमुसून बसलाय आणि तुमच्या डोक्यात भलताच किडा शिरलाय. "अण्णा, मग अर्नाळकर तरी खरे हायेत का?"

अण्णा हसतात. बाबूराव अर्नाळकर हेही टोपणनावच. माणसाचं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, जन्म १९०६ चा. पण इथं नावामागं माणूस एकच. पुढं १९९६ मध्ये तो जाईपर्यंत त्याच्या नावावर हजाराहून जास्त पुस्तकं जमा झालेली असतील. इतकी, की एकट्या माणसानं लिहिली यावर परका माणूस विश्वास ठेवणार नाही. त्यातली कितीतरी कथानकं इंग्रजीवरून बेतलेली आहेत. पण मुंबईचा काळोख, मराठी संवाद आणि प्रकरणाच्या शेवटी वाचकाला लटकत ठेवायचं कसब त्याचं स्वतःचं.

म्हणजे एकीकडं एक माणूस आणि हजार पुस्तकं. दुसरीकडं एक नाव आणि त्याच्या आडून लिहिणारी अनोळखी माणसं. पुस्तक वाचून झाल्यावरही एक रहस्य शिल्लक राहतं, हे तुम्हाला आज पहिल्यांदा कळलंय. तपासाला निघायला हवं. वाट लांबची आहे.

ऑन्टारिओ, १९२७

इथली थंडी तुम्हाला झेपणारी नाही. कॅनडातल्या सडबरी गावाजवळ तळ्याकाठी एक लाकडी खोपटं आहे. आत पंचविशीतला तरुण टाइपरायटरशी झुंजतोय. नाव लेस्ली मॅकफार्लेन. वर्तमानपत्रातली नोकरी सोडून लेखक व्हायला निघालेला. टेबलावर न्यूयॉर्कहून आलेली दोनतीन पानं पडलीत. हळूच मागं उभे राहून वाचा.

त्या पानांत आख्ख्या पुस्तकाचा सांगाडा आहे: कोणत्या प्रकरणात चोरी, कोणत्यात पाठलाग, कुठं पोरं तळघरात अडकणार. फ्रँक आणि जो हार्डी ही भावंडं, त्यांचा गुप्तहेर बाप, बेपोर्ट नावाचं गाव. मांस मॅकफार्लेननं भरायचं. भरलं की सव्वाशे डॉलर. मुखपृष्ठावर नाव येणार फ्रँकलिन डब्ल्यू. डिक्सन यांचं. हे डिक्सनसाहेब कुठं राहतात म्हणून विचारू नका. ते कुठंच राहत नाहीत.

सांगाडा पाठवणारा माणूस म्हणजे एडवर्ड स्ट्रेटमायर, जन्म १८६२, न्यू जर्सीचा. यानं पोरांच्या पुस्तकांचा कारखानाच काढलाय. टॉम स्विफ्टच्या गोष्टी 'व्हिक्टर ॲपलटन' लिहितो, बॉबसी जुळ्यांच्या गोष्टी 'लॉरा ली होप' लिहिते, आणि तीन वर्षांनी, १९३० मध्ये, नॅन्सी ड्रूच्या गोष्टी 'कॅरोलिन कीन' लिहायला लागेल. सगळी नावं कारखान्याची. एक लिहिणारा आजारी पडला, कंटाळला किंवा पैसे वाढवून मागायला लागला तर दुसरा बसवायचा. पोरांना पत्ता लागत नाही. कॅरोलिन कीन कधी मरत नाही, म्हातारी होत नाही, भांडत नाही.

तुम्ही बीडचे आहात, तेव्हा हा व्यवहार तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही. दसरा झाला की मुकादम टोळ्या भरतो, कोयते पश्चिमेकडं निघतात, कुणाच्या हातानं किती ऊस तुटला याची नोंद त्याच्या वहीत राहते आणि साखरेच्या पोत्यावर नाव छापलं जातं कारखान्याचं. स्ट्रेटमायरचं काम असंच गुत्त्यानं चालतं. फरक इतकाच, की ऊसतोड्याला निदान उचल आधी मिळते. मॅकफार्लेनला पानं पोचल्यावर पैसे, आणि पैसे घेताना कागदावर सही: या लिखाणावर, या नावावर, पुढं निघणाऱ्या आवृत्त्यांवर माझा कसलाही हक्क नाही.

त्याचा चेहरा मात्र नीट बघा. तो रडत नाहीये. वाक्य जमलं की खूश होतो, जाडजूड चेट नावाच्या मित्राला खादाड करून मधूनच खुसखुशतो, पोलिसांना बावळट दाखवायची संधी सोडत नाही. कुणाला कळणार नाही हे ठाऊक असूनही तो काम नेकीनं करतोय. पुढं मंदीत दर सव्वाशेच्याही खाली येईल, तरी पोटासाठी तो लिहीत राहील. या मालिकेची वीसेक पुस्तकं त्याच्या हातची असतील. बऱ्याच वर्षांनी त्याचा मुलगा घरातल्या कपाटात ती रांग बघेल आणि विचारेल, बाबा, तुम्ही लहानपणी हे वाचायचात? तेव्हा त्या पोराला कळेल की आपल्या लाडक्या डिक्सनच्या घरातच आपण राहतो. कोट्यवधी प्रती खपणाऱ्या पुस्तकांच्या लेखकाच्या पोराला ही गोष्ट इतक्या उशिरा कळते.

एन सफीनं नाव चोरलं होतं. इथं कुणी काही चोरलेलं नाही. मॅकफार्लेननं आपलं नाव विकलंय, राजीखुशीनं, सही करून. तरी तुम्हाला खोपटातून बाहेर पडताना कसंनुसं होतं. का होतं, त्याचं उत्तर शोधायला कोर्टात जाऊ या.

न्यूयॉर्क, १९८०

मागच्या बाकावर जागा आहे, बसा. खटला प्रकाशकांचा आहे. स्ट्रेटमायरच्या कारखान्यातल्या मालिका जुन्या प्रकाशकाकडून नव्या प्रकाशकाकडं निघाल्या, तेव्हा जुन्यानं दावा लावला. स्ट्रेटमायर १९३० मध्येच वारला. तेव्हापासून कारभार त्याच्या मुलीनं, हॅरिएट ॲडम्सनं सांभाळला. ती आता सत्त्याऐंशी वर्षांची आहे. कॅरोलिन कीन म्हणजे मीच, असं ती वर्षानुवर्षं सगळ्यांना सांगत आलीय. बऱ्याचशा पुस्तकांचे सांगाडे तिनं रचले, कित्येक पुस्तकं स्वतः लिहिली, १९५९ पासून जुनी पुस्तकं नव्यानं लिहून घेतली. त्यामुळं तिचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही.

एवढ्यात दार उघडून पंचाहत्तरीची दुसरी बाई आत येते. मिल्ड्रेड बेन्सन. आयोवातल्या एका खेड्यात १९०५ मध्ये जन्मलेली, आयोवा विद्यापीठातून पत्रकारितेत एम.ए. झालेली पहिली स्त्री, अजूनही ओहायोतल्या टोलिडोच्या वर्तमानपत्रात काम करणारी. नॅन्सी ड्रूच्या पहिल्या तीस पुस्तकांपैकी तेवीस हिच्या हातची. मोटार दामटणारी, मोठ्यांना न जुमानणारी नॅन्सी कागदावर पहिल्यांदा चालती केली ती हिनं.

हॅरिएट तिच्याकडं बघते आणि तिच्या तोंडून निघून जातं, की मला वाटलं तुम्ही केव्हाच गेलात.

कोर्ट क्षणभर चुळबुळतं. मग पत्रं, पावत्या, सह्या केलेले कागद पुराव्यात दाखल होऊ लागतात. पन्नास वर्षं दडवून ठेवलेली नावं एकेक करून बाहेर येतात. गंमत अशी, की लेखक कोण हा इथला वादाचा मुद्दाच नाही. वाद छापण्याच्या हक्काचा आहे. जुनी पुस्तकं जुन्या प्रकाशकाकडं आणि नवी नव्याकडं, असा त्याचा निकाल लागेल. लेखिकेचं नाव या भांडणात जाता जाता सापडलं. विद्यापीठानं परिषद भरवून तिचा जाहीर सन्मान करायला १९९३ साल उजाडेल. हॅरिएट १९८२ मध्ये जाईल आणि १९८४ मध्ये आख्खा कारखानाच विकला जाईल.

कसंनुसं का झालं, ते आता सांगता येईल. नाव विकलं, यात गैर काही नव्हतं. पण त्या कागदानं बाईला जिवंतपणी नसल्यात जमा केलं.

अंबाजोगाई, १६०० च्या आसपास

घराजवळ आलात. मोठमोठे वाडे, योगेश्वरीचं देऊळ, आणि एका घरात लांबच लांब कापड पसरून बसलेला गृहस्थ. दासोपंत. जमिनीवर पसरलेली ती पासोडी, चाळीसेक फूट लांब आणि चारेक फूट रुंद. कागद पुरत नाही म्हणून की काय, त्यांनी कापडावरच आख्खं पंचीकरण उतरवायला घेतलंय. मजकूर, मध्ये आकृत्या, पुन्हा मजकूर. पायाचा धक्का लागू देऊ नका. ही पासोडी चारशे वर्षांनीही अंबाजोगाईत असणार आहे.

परंपरा सांगते की यांना रोज एका ढब्बू पैशाची शाई लागे. गीतार्णवाच्या ओव्या सव्वा लाख असल्याचं सांगतात. अर्नाळकरांना टक्कर देईल असा हा हात. आणि नाव? पदाच्या शेवटी पंत 'दिगंबर' हे आपल्या दत्ताचं नाव गुंफतात, स्वतःला दिगंबराचा अनुचर म्हणवतात. कागदावर सही घेणारा मुकादम इथं कुणी नाही. नाव आपण होऊन वाहिलेलं आहे.

रात्री कीर्तनाला बसा. बुवा अभंग म्हणतात, शेवटच्या चरणात 'नामा' येतो आणि माणसं हात जोडतात. कोणता नामा, हे कुणी विचारत नाही. विठ्ठलाशी हट्टानं बोलणारे संत नामदेव १३५० मध्ये गेले. सोळाव्या शतकात विष्णुदास नामा होऊन गेला, महाभारत मराठीत आणणारा. त्याच्या रचना आणि नामदेवांच्या रचना गाथेत अशा मिसळल्या, की पुढं अभ्यासकांना गुप्तहेरासारखा माग काढावा लागला: या अभंगात तर नामदेवांच्या मागाहून झालेल्या संताचं नाव येतंय, ही भाषा तेराव्या शतकाची वाटत नाही, ही मुद्रा जरा वेगळी आहे. एन सफीचा जादा नुक्ता पकडणाऱ्या अण्णांची रीत हीच. पण इथं कुणाला फसवल्याची ओरड नाही. जो पुढचा आला तो मागच्याच्या नावात जाऊन बसला. तिथं दर ठरलेला नव्हता, आवृत्तीवर टक्केवारी नव्हती, आणि त्या नावाखाली कुणी दुसऱ्याच्या कष्टावर माडी बांधत नव्हतं.

सगळं साजरंच होतं असं समजू नका. नाव वाहून टाकणाऱ्याची पुढच्यांनी नोंद ठेवली नाही की विष्णुदास नाम्यासारखा मोठा कवी शतकानुशतकं दुसऱ्याच्या सावलीत राहतो. नोंद ठेवायची तर कशी, हे बघायला आणखी तीनशे वर्षं मागं चला. गोदावरीच्या दिशेनं जायचं आहे.

नेवासे, शके १२१२

इसवी सन १२९०. ज्ञानेश्वर बोलतायत आणि समोर सच्चिदानंदबाबा लिहून घेतायत. हात एकाचा, वाणी दुसऱ्याची. आधुनिक भाषेत म्हणायचं तर बाबा केवळ लेखनिक. ग्रंथ संपतो तेव्हा कान टवकारा. शेवटी शक सांगितलेला आहे, ग्रंथ कुणी सांगितला ते आहे, आणि सच्चिदानंदबाबांनी तो आदरानं लिहून घेतला हेही आहे. मराठीतल्या सगळ्यात थोर ग्रंथात लेखनिकाचं नाव ग्रंथाच्या पोटातच नोंदलेलं आहे. सातशे वर्षं ज्ञानेश्वरीचं पारायण पूर्ण करणारा प्रत्येक माणूस ते नाव उच्चारतो. त्यानं ज्ञानेश्वरांचं काही कमी झालेलं नाही.

न्यूयॉर्कच्या कारखान्याला जे धंद्याला परवडत नाही असं वाटलं, ते नेवाशात एका ओळीत उरकलं होतं.

बीड, आज

तुम्ही आता सव्वीस वर्षांचे आहात. नगरहून बीडपर्यंत २०२५ मध्ये रेल्वे आली, पण तुमचं काम मोबाइलवरच येतं. पोरांसाठी ऐकायच्या रहस्यकथा तयार करणाऱ्या एका कंपनीला लेखक हवेत. नायिका त्यांची, सांगाडा त्यांचा, दर भागाला ठरावीक रक्कम, आणि ॲपवर लेखिका म्हणून एक गोड नाव झळकतं. ती बाई अस्तित्वात नाही. तुमच्यासारखे चौघं मिळून ती बाई होतात. मेलमध्ये आलेला करारनामा तुमच्या समोर उघडा आहे.

कपाटात भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहे. फुरसुंगीचा बनेश फेणे, सायकल, तोंडातून निघणारा तो 'ट्टॉक'. भागवतांनी कुणाच्या आडून लिहिलं नाही. २०१७ च्या सिनेमात तर दिलीप प्रभावळकरांच्या रूपानं भा. रा. भागवत स्वतः पडद्यावर आले, आपल्या बन्याच्या गोष्टीत. डिक्सनच्या नशिबी हे नाही. पडद्यावर आणायला माणूस तरी हवा ना.

पण सगळ्यांनाच भागवत होता येत नाही, आणि चौघांनी एका नावानं लिहिण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पोरांना मालिका हवी असते, दर आठवड्याला हवी असते, आणि एका हाताच्या आवाक्यातलं ते काम नसतं. काम घ्या. फक्त करारनामा अण्णांसारखा लांब धरून वाचा.

भारताचा कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे आणि त्यातली दोनतीन कलमं तुमच्या उपयोगाची आहेत. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. कलम १९ सांगतं की कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशात आणि किती मोबदल्यात, हे कागदावर असायला हवं. मुदत लिहिलेली नसेल तर पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरतंच. आणि कलम ५७ असं, की कॉपीराइट पुरता विकून टाकला तरी हे मी लिहिलं असं म्हणायचा लेखकाचा हक्क शिल्लक राहतो. मिल्ड्रेड बेन्सनला पन्नास वर्षं जे मिळालं नाही, ते तुमच्याकडं कायद्यानं आहे. फक्त कंपनीचा पगारी नोकर म्हणून लिहीत असाल तर कॉपीराइट पहिल्यापासून मालकाचा ठरू शकतो, तेव्हा आपण नोकर आहोत की बाहेरून लिहिणारे, हे करारात स्पष्ट करून घ्या.

उत्तर टाइप करा. मुदत पाच वर्षं. पुस्तक किंवा सिनेमा निघाला तर वेगळा मोबदला. प्रत्येक भागाच्या शेवटी, निवेदिकेच्या आणि ध्वनिसंयोजकाच्या नावाबरोबर, त्या भागाचं लेखन कुणी केलं त्याचं नाव. मुखपृष्ठावरची बाई त्यांची त्यांच्याकडं राहू द्या, तिच्याबद्दल तुमचं काही म्हणणं नाही. उरलेल्या तिघांनाही हा मजकूर पाठवा; चौघांनी एकच मागणी केली तर चौघांना बदलणं कंपनीला महागात पडतं. आणि उत्तर येईपर्यंत सही करू नका.